अण्णांचा दुसरा फिल्टर

अण्णा, तुमच्या समाचाराला आलेल्या पाहुण्यांना मी बस ढकलायला लावली.

आधीच सांगून टाकतो. दुसऱ्या कुणाकडून ही बातमी तुमच्यापर्यंत पोचली तर ती तिखटमीठ लावूनच पोचेल. तुमच्या आजारपणापासून बस अंगणात आंब्याखाली उभी होती. तेरावा झाला आणि कारखान्याकडून निरोप आला, की सोमवारपासून पाळीची माणसं न्यायला तुमची गाडी येणार नसेल तर आम्ही दुसरी बघतो. म्हणून रविवारी सकाळी मी बाह्या सरसावल्या आणि तुम्ही उघडायचात तसा डिझेलचा दुसरा फिल्टर उघडला. काचेची वाटी काढली, पुसली, आतली जाळी धुतली, सगळं जागच्या जागी बसवलं, नट आवळला. लांब उभा राहून जरा कौतुकानं बघितलंही. मग सेल्फ मारला. घर्र, घर्र, घर्र. इंजिन काही बोलेना.

तेवढ्यात कल्याणचे तुमचे मावसभाऊ आले. बरोबर पांढऱ्या टोप्या घातलेली चारपाच मोठी माणसं. दुःखी चेहऱ्यानं ओटीवर टेकणार, इतक्यात मी म्हणालो, "जरा हात लावता का?" माणसं फार सज्जन हो. टोप्या ओटीवर ठेवल्या, धोतरं खोचली आणि विहिरीपर्यंत बस ढकलत नेली. तिथून परत आणली. पुन्हा नेली. मावसभाऊ धापा टाकत म्हणाले, "अण्णाचा जीव हिच्यात अडकलाय बहुतेक."

तुमची इंदू दारात उभी होती. तिच्या डोळ्यांतलं पाणी अजून वाळलं नव्हतं. तशीच म्हणाली, "अहो, एअर काढली का?"

फिल्टर उघडला की नळीत हवा शिरते, आणि ती हवा बाहेर काढल्याशिवाय डिझेलचं इंजिन सुरू होत नाही, मग बस पुण्यापर्यंत ढकला. हे आपल्या घरात पाळण्यातल्या पोराला ठाऊक आहे. मला नाही सुचलं. आता तुम्हाला म्हणून सांगतो, बाहेर बोलू नका. मला वाटतं ते माझ्या हातून उगाच विसरलं गेलं नाही. बस सुरू होऊच नये असं माझ्या पोटातलं कुणीतरी म्हणत होतं. सुरू झाली असती तर सोमवार आला असता, आणि सोमवार आला की फाटक.

फाटक म्हटलं की माझे तळवे अजून ओले होतात. बेलवलीहून निघून अंबरनाथच्या रस्त्याला लागायचं तर रुळ ओलांडल्याशिवाय गत्यंतर नाही. आपली बस आधी लष्कराचा ट्रक होती, डिस्पोजलमधून आलेली. तिच्यावर लाकडी सांगाडा चढवून तुम्ही तिची बस केलीत, आणि त्या सांगाड्याला निळा रंग कुणी द्यायचा यावरून आपलं पहिलं भांडण झालं. बदलापूर, अंबरनाथ, कॅम्प. लोक आता उल्हासनगर म्हणायला लागलेत, तुम्ही शेवटपर्यंत कॅम्पच म्हणालात. कधी कारखान्याची पाळी, कधी लग्नाची मंडळी. चाक तुमच्या हाती, घंटीची दोरी माझ्या हाती. फाटकापलीकडच्या सरळ रस्त्यावर, गाडी रिकामी असली की तुम्ही मला चालवायला द्यायचात आणि शेजारी बसून डोळे मिटून घ्यायचात. "झोपलो नाहीये, जावईबापू. बघवत नाही, म्हणून मिटलेत." परवाना मी काढला, गिअर मला बऱ्यापैकी जमले, पण फाटक मी कधी ओलांडलं नाही. तिथं मी निमूटपणे जागा सोडायचो.

त्या शिवरात्रीची गोष्ट मी घरात अनेकदा सांगितली आहे. दरवेळी थोडी वेगळी. आज तुमच्यासमोर सरळ सांगतो, कारण तुम्ही तिथं होतात.

अंबरनाथच्या देवळाची जत्रा करून आपण परत येत होतो. बस गच्च भरलेली. बायका, पोरं, पिपाण्या, बत्ताशांच्या पुड्या. इंदूच्या मांडीवर आपली शालू. फाटकवाल्यानं फाटक उघडलं, तुम्ही गाडी वर घेतली, पुढची चाकं रुळापलीकडे गेली, आणि इंजिन खोकलं. एकदा. मग दुसऱ्यांदा. मग गप्प. ती शांतता मी अजून ऐकतो. इंजिन बंद पडल्यावर बसमधल्या सगळ्या पिपाण्याही एकदम थांबल्या होत्या, आठवतं?

तुम्ही सेल्फ मारलात. काही नाही. फाटकवाला ओरडला, "अहो, काढा गाडी, मालगाडी सुटलीय तिकडनं!" आणि लाल झेंडी घेऊन तो बदलापूरच्या दिशेनं रुळांवरून धावत सुटला. तुम्ही मागे वळून एवढंच म्हणालात, "सगळे खाली."

मी घरात असं सांगतो, की इंदूनं शालूला खिडकीतून माझ्या हातात दिलं. ते खरंच आहे. मी आधीच खाली उतरलेलो होतो म्हणून ते शक्य झालं, एवढं सांगायचं मी टाळतो. दोरी हातात असलेला कंडक्टर सगळ्यांत आधी उतरला, असा तो प्रसंग. मग मात्र मीही ढकललं, सगळ्यांनी ढकललं, बायकांनी नऊवारीचे काष्टे खोचून ढकललं. कोळशाचं इंजिन असलं तर लांबून धूर तरी दिसतो. ही विजेची इंजिनं न बोलता येतात. आधी रुळ गुणगुणायला लागतात. मी बसच्या मागल्या फळीला खांदा लावला होता आणि पायाखालचा रुळ गुणगुणत होता.

बस उतारावर घरंगळली. मागची चाकं खडीवरून खाली आली. फाटकवाल्याच्या झेंडीनं वेग मंदावलेली मालगाडी आपल्या मागून गेली, डब्यामागून डबा, डब्यामागून डबा, संपेचना. शालू माझ्या कानात किंचाळत होती आणि मला ते ऐकू येत नव्हतं.

तुम्ही तेवढे खाली उतरला नव्हतात. चाक धरून बसलात ते बस थांबेपर्यंत. मग उतरून पहिलं काय केलंत, तर बसखाली सरपटत गेलात आणि टाकीचा खालचा बूच उघडलात. तांबूस, गढूळ पाणी आलं. मग गंजाचा गाळ. मग कुठं डिझेल.

आपलं डिझेल पिंपांतून यायचं आणि पिंपं गोठ्याच्या मागे उघड्यावर उभी असायची. पावसाळ्यात वरच्या झाकणावर तळं साचायचं आणि रात्रीच्या गारव्यात पिंप ते हळूहळू आत ओढून घ्यायचं. इंजिनाला स्वतःचा फिल्टर होता, पण एवढा गाळ अडवायचा म्हणजे त्याचाही जीव केवढा! ओटीवर बसून तुम्ही हे सगळं मला समजावलंत आणि शेवटी म्हणालात, "आणखी एक बसवू."

"आणखी एक काय?"

"फिल्टर. याच्या आधी एक. पाणी तिथंच अडलं पाहिजे, आणि अडलेलं दिसलं पाहिजे."

मी लगेच विरोध केला. तुम्ही काही सुचवलंत की विरोध करणं हे मी जावई म्हणून माझं कर्तव्यच समजत आलो. मी म्हणालो, जेवढे सांधे जास्त तेवढी हवा शिरायला वाटा जास्त. पाण्यानं बंद पडते तशी हवेनंही बंद पडेल. तुम्ही म्हणालात, "बरोबर आहे तुमचं." आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन कॅम्पात गेलात.

खेमचंदचं दुकान म्हणजे लष्कर जे सोडून गेलं त्याचं म्युझियम. बराकीच्या अर्ध्या भागात त्याची माणसं राहायची आणि उरलेल्या अर्ध्यात ट्रकांची आतडी. आपण गेलो की आधी पाणी आणि पाण्याबरोबर भाजलेला पापड. तुम्ही पहिल्यांदा गेलात तेव्हा म्हणाला होतात, "जेवण राहिलं, पापड आधी आला." आता तो आपल्या घरी आला की सासूबाई, सगळं घर ज्यांना वहिनी म्हणतं, त्याही त्याला आधी पापड देतात.

"साईं," खेमचंद म्हणाला, "दूसरा फिल्टर? डॉक्टर के ऊपर डॉक्टर?"

"पहिला डॉक्टर चांगलाय रे," तुम्ही म्हणालात. "पण त्याच्याकडे रोगी फार जातायत."

त्यानं ढिगाऱ्यात हात घातला आणि कुठल्याशा लष्करी गाडीचा फिल्टर काढला. पितळी डोकं, खाली जाड काचेची वाटी, आत बारीक जाळी. तुम्ही ती वाटी उन्हात धरलीत. काच थोडी हिरवट होती. तुमचा चेहरा असा झाला होता की इंदूच्या लग्नातही मी तो तसा पाहिला नव्हता. मी तसं म्हणालोही. तुम्ही म्हणालात, "तिच्या लग्नात तुम्ही दिसत होतात ना समोर."

खेमचंदनं तो टाकी आणि पंपाच्या मधे बसवला. तांब्याची नळी कापली, सांधे केले, चामड्याच्या चकत्या घातल्या. गाडी सुरू झाली. आपण ऐटीत निघालो आणि कॅम्पाच्या बाजारात, ऐन गर्दीत, चिंध्यांच्या आणि बिस्किटांच्या दुकानांमधे बस बंद पडली. टांगेवाले ओरडत होते, मागे ट्रकचा भोंगा. मी दरवाजात उभा राहून म्हणालो, "हवा!" एवढ्या मोठ्यानं, की एका बाईला वाटलं मी तिला वारा घालायला सांगतोय. अण्णा, तो माझ्या आयुष्यातला विजयाचा क्षण होता. माझं म्हणणं खरं ठरलं होतं. म्हणजे फाटकावरही ते खरं ठरणार होतं.

तुम्ही रागावला नाहीत. गाडी ढकलत परत नेल्यावर खेमचंदच्या दारात बोनेटवर कोपर टेकून विचार करत राहिलात. मग म्हणालात, "पंपाच्या आधी नको. पंपाच्या पुढं बसवू. तिथं पंप डिझेल रेटतो, ओढत नाही. सांधा सैल झाला तर बाहेर गळेल, हवा आत नाही जाणार."

"म्हणजे गळणार," मी म्हणालो.

"गळू दे की. गळलेलं दिसतं. आत शिरलेलं दिसत नाही, भीती त्याची."

नळी पुन्हा कापली. यावेळी खेमचंदनं पैज लावली, की आता एअर घेतली तर तो मिशी काढील. त्याला मिशी नव्हतीच. पण गाडीनं पुन्हा एअर घेतली नाही, हे मी इथं नमूद करतो. तुमचा फिल्टर उत्तम चालला. रोज सकाळी तुम्ही वाटीखालचा स्क्रू सैल करून तळाशी बसलेलं पाणी एका वाडग्यात काढायचात आणि घरातल्या प्रत्येकाला बोलावून दाखवायचात. "बघ इंदे, एवढं इंजिनात गेलं असतं." इंदू पोळी लाटता लाटता येऊन बघायची. वहिनी म्हणायच्या, "अमृत आहे का विष, एकदा ठरवा आणि फेका."

मग मला वाटलं, झालं. फिल्टर बसला, फाटकाचा प्रश्न मिटला.

पण तुमचा नियम काही गेला नाही. शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवसापासून तुम्ही तो लावला होता: फाटकाच्या अलीकडे गाडी उभी, सगळे खाली. माणसांनी पायी रुळ ओलांडायचे, पलीकडे जाऊन उभं राहायचं. मग रिकामी बस तुम्ही एकट्यानं पलीकडे आणायची आणि सगळ्यांनी पुन्हा चढायचं. पाऊस असो, ऊन असो. पाळीची माणसं डबे सावरत उतरायची. भाजीवाली ठकूबाय टोपली डोक्यावर घेऊन उतरायची आणि रोज तेच ऐकवायची, "आन्ना, ही बस हाय का वरात? नवरा येकटा गारीन, वऱ्हाड पायी!"

"वऱ्हाड जिवंत पोचतंय ना, ठकूबाय?"

"पोचतंय, पन चिखलानं."

पंचक्रोशीत आपल्या बसला 'उतरती बस' म्हणायला लागले. कारखान्याच्या दारात दुसऱ्या पाळीची माणसं आपल्या लोकांना विचारायची, काय, आज किती चाललात? मला लाज वाटायची. आणि लाजेपेक्षा एक मोठी गोष्ट होती, ती मी कुणाला बोललो नाही. रोज दोनदा लोकांना उतरवलं की रोज दोनदा आठवायचं, कशासाठी उतरवतोय ते. मी पलीकडे उभा राहून तुमच्याकडे बघायचो. बस रुळांवर चढायची, डुलायची, तुम्ही मोठ्यानं शीळ घालत असायचात, पार आमच्यापर्यंत ऐकू येईल अशी. मी मनात म्हणायचो, या माणसाला भीती म्हणजे काय ते ठाऊकच नाही. आणि मी इकडे धोतराला हात पुसतोय.

शेवटी एका पावसाळी सकाळी मी भांडलो. भर बसमधे. एक म्हातारे गृहस्थ उतरताना घसरून पडले होते, गुडघा फुटला होता.

"फिल्टरवर तुमचा विश्वास नाही तर बसवला कशाला?" मी म्हणालो.

"आहे की विश्वास."

"मग बसू द्या ना माणसांना!"

"विश्वास आहे म्हणून तर मी आत बसतो, जावईबापू."

"मग आम्ही काय वेगळे आहोत?"

तुम्ही पुसण्याचं फडकं घेऊन समोरची काच पुसत राहिलात. काच बाहेरून ओली होती, तुम्ही आतून पुसत होतात. मी म्हणालो, "हे काही उत्तर नाही." तुम्ही म्हणालात, "नाही. संध्याकाळी देतो." संध्याकाळी आपण दोघंही विसरल्यासारखं केलं. ते भांडण तसंच राहिलं, अण्णा. मग ते आपलं नेहमीचं झालं. महिन्यातून एकदा मी काढायचो, तुम्ही संध्याकाळवर ढकलायचात.

मग तुमच्या छातीत कळ आली. डॉक्टर म्हणाले, पडून राहा. तुम्हाला पडून राहायला सांगणं म्हणजे नदीला सांगणं. तरी राहिलात. मी संध्याकाळी यायचो, पायाशी बसायचो, बसबद्दल काहीबाही खोटं सांगायचो. बॅटरी चार्ज करून आणली, चाकांत हवा भरली. त्यातलं एकही मी केलेलं नव्हतं. तुम्हाला ते कळत होतं. "छान," म्हणायचात, "आता रंगही देऊन टाका. निळा."

एकदा तुम्ही उशीवरून मान वळवलीत आणि म्हणालात, "जावईबापू, ते फाटकावर ना, मला..."

मी घाईघाईनं म्हणालो, "त्याची काळजी करू नका हो. फिल्टर उत्तम आहे तुमचा." वहिनी पेज घेऊन आल्या. तुम्ही पेज घेतलीत. दोन दिवसांनी दुपारच्या वेळी तुम्ही गेलात, आणि वाक्य तिथंच राहिलं. मी ते माझ्या परीनं पुरं करून बघतो. मला सांगायचं राहिलं. मला तुम्हाला काही शिकवायचंय. मला आता त्या नियमाचा कंटाळा आलाय. कुठलंच बसत नाही.

तर सोमवार आला. एअर इंदूनं काढायला लावली होती, बस एका सेल्फला सुरू झाली. काचेच्या वाटीत मी पाहिलं, तळाला पाणी नव्हतं. आंघोळ करून मी तुमच्या जागेवर बसलो. सीट अजून तुमच्या बाजूनं खचलेली आहे, मी उजवीकडे कलतो. इंदू डबा द्यायला आली आणि डबा देऊन परत गेली नाही. चढली, पुढच्या बाकावर बसली.

"तू कुठं?"

"अंबरनाथला. वहिनीसाठी औषध आणायचंय."

औषध इथंही मिळतं. पण माझं डोकं दुसरीकडे होतं.

मी ठरवून निघालो होतो. नियम संपवायचा. भांडणात समोरचाच उरला नाही म्हटल्यावर जिंकणं काही कठीण नाही, असा माझा हिशेब. फिल्टर उत्तम, वाटी स्वच्छ, कारखान्याची माणसं वेळेत, बसचं नाव सुधारणार. सगळी कारणं माझ्या बाजूची. नाक्यानाक्यावर माणसं चढली. कुणी तुमचं नाव काढून चुकचुकलं, कुणी चाकावर मला बघून देवाचं नाव घेतलं. ठकूबाय चढली, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "तू? बरं." तेवढंच.

फाटक दिसलं. उघडं होतं. फाटकवाला ओळखीचा हात करून उभा. मी मनात म्हणालो, थांबायचं नाही, सरळ जायचं. आणि माझा पाय ब्रेकवर गेला. मी नेला नाही हो, तो गेला. बस नेमकी तुम्ही थांबवायचात तिथं थांबली, त्या बाभळीपाशी. माणसं सवयीनं अर्धवट उठली आणि तशीच वाकून माझ्याकडे बघत राहिली. मी समोर बघत राहिलो. रुळ चकाकत होते. मी कान लावला, ते गुणगुणतात का बघायला. इंजिनाच्या आवाजात काय ऐकू येणार?

"काय रं," ठकूबाय मागून म्हणाली, "उतरायचं का नाय? तुझा हुकूम काय?"

बसमधे सगळे आपापल्या घरचे. कुणाची पोरं, कुणाच्या बायका संध्याकाळी वाट बघणारी. मी एकेकाचे चेहरे आरशात पाहिले आणि माझ्या बाजूची सगळी कारणं कुठं गेली कोण जाणे.

"उतरा," मी म्हणालो. "सगळे खाली."

कुणी हसलं नाही. डबे खडखडले, टोपली उतरली. वऱ्हाड पायी निघालं. मी आरशात पाहिलं, बस रिकामी. नाही, पुढच्या बाकावर इंदू तशीच.

"तूही उतर."

"तुम्ही चला."

"इंदू, शालू घरी आहे. उतर म्हणतो ना."

"मी बसलेय," ती म्हणाली. "फाटकवाला खोळंबलाय. चला."

तिचा आवाज तुमच्यासारखा आहे, अण्णा. वाद घालायला जागा ठेवत नाही. मी पहिला गिअर टाकला.

काय सांगू? चढ एवढासा. पण पुढची चाकं रुळावर चढताना सगळी बस उचलली गेली. पहिला रुळ. दुसरा. लाकडी सांगाडा करकरला. आणि मधोमध, नेमकं मधोमध, इंजिन खोकलं.

एकदाच. बहुधा माझाच पाय हलला असेल ॲक्सिलेटरवर. पण तेव्हा एवढा विचार कुणाला? माझ्या पायाखालून जमीन, रुळ, सगळं गेलं. डोळ्यांसमोर मालगाडीचे डबे आले, डब्यामागून डबा. मला शीळ घालावीशी वाटली, पण ओठ कोरडे पडले होते, नुसती हवा बाहेर आली. डाव्या पायाखाली क्लच एवढा थडथडत होता की तो आवाज बाहेर ऐकू जातोय असं मला वाटलं. दुसरं खोकणं आलं नाही. इंजिननं आवाज धरला. मागची चाकं धाडकन खाली आली, खडी, मग रस्ता. पलीकडे उभं वऱ्हाड बाजूला सरकलं. मी बस थांबवली आणि हात चाकावरून काढता येईनात, बोटं मिटलेलीच राहिली.

ठकूबायनं टोपली दारातून आत सरकवली. म्हणाली, "आला. नीट आला." माणसं एकेक चढायला लागली. कुणी माझ्या खांद्यावर हात ठेवून पुढं गेलं, कोण ते मी पाहिलं नाही.

इंदू बाकावरून उठून माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. माझी बोटं तिनं एकेक करून चाकावरून सोडवली. खाली, माझ्या पायाकडे बघत होती. तो अजून हलत होता.

"अण्णांचाही असाच थरथरत असणार," ती म्हणाली. "आपण सगळे खाली असायचो."